ब्रेक ऑइल बदलताना या चुका टाळा

कन्नड घाट उतरताना किंवा तोरणमाळहून खाली येताना पेडल अचानक मऊ लागलं, की बहुतेकांचा संशय पॅडवर जातो. पॅड चांगले असले तर ब्रेक ऑइल तपासा.

हे ऑइल हवेतली ओल शोषतं. नव्या डॉट 4 चा (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलची प्रतवारी) उत्कलनबिंदू किमान 230 अंश असतो, 3.7 टक्के पाणी मुरलं की तो 155 पर्यंत येऊ शकतो. उतारावर सारखा ब्रेक दाबून कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) तापतो, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. मग पायाचा जोर ते बुडबुडे दाबण्यातच जातो, चाकापर्यंत पोचत नाही. गाडी थंड झाली की पेडल पुन्हा घट्ट, म्हणून गॅरेजात दोष सापडत नाही. भुसावळ-जळगावच्या उन्हाला दोष देऊ नका; तेवढ्याने ऑइल उकळत नाही.

सगळ्यात घातक सवय जुनं ऑइल न काढता वरून नवं ओतण्याची. पातळी हळूहळू उतरते ती पॅड झिजल्याने. झपाट्याने उतरली तर कुठेतरी गळती आहे. दोन्हींवर ओतणं हा इलाज नाही, ओल धरलेलं ऑइल आत तसंच राहतं. शिवाय नवे पॅड बसवताना कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलला की ऑइलची डबी भरून वाहते. बॉनेटच्या रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग निघतो.

आकडा मोठा म्हणून डॉट 5 घेऊ नका. ते सिलिकॉनचं असतं, डॉट 3 किंवा 4 मध्ये मिसळत नाही. डॉट 5.1 वेगळं, ते सिलिकॉनचं नाही. डबीच्या झाकणावर लिहिलंय तेच घ्या, आणि सीलबंद. गॅरेजात कित्येक महिने उघडी पडलेली अर्धी बाटली मिस्त्रीने काढली तर स्पष्ट नाही म्हणा.

ऑइल बदलताना पाइपातली एअर (हवा) काढावी लागते, तेव्हा डबी रिकामी होऊ देऊ नका. एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमध्ये हवा शिरली तर बऱ्याच गाड्यांना स्कॅनर लावावा लागतो. निपल (कॅलिपरवरचा हवा सोडायचा स्क्रू) आधी बंद, मगच पेडल सोडायचं. चाकांचा क्रम मॅन्युअलमध्ये बघा, सगळ्या गाड्यांचा एकच नसतो.

ऑइल बदलायची मुदत किलोमीटर बघून ठरवू नका. बऱ्याच कंपन्या साधारण 2 वर्षं सांगतात. गाडी धुळ्यात दारात उभी असली तरी ओल शिरतेच.

काम झाल्यावर इंजिन चालू करून पेडल दाबून धरा. ते खाली बसत गेलं, तर गाडी रस्त्यावर काढू नका. निपल आणि जोड पुन्हा तपासा.