उंच माणसांनी वॉकिंग पॅड घेताना: आधी ढांग मोजा, मग पट्टा बघा

वॉकिंग पॅड, म्हणजे काम करता करता चालायची छोटी चपटी ट्रेडमिल, टेबलाखाली सरकावता यावा म्हणून मुळातच आखूड बनवतात. बहुतेकांचा चालायचा पट्टा १०० ते १२० सेंमी लांब आणि ४० ते ४५ सेंमी रुंद असतो. साडेपाच फुटांच्या माणसाला एवढं पुरतं. सहा फुटांच्या पुढे मात्र वेग वाढला की टाच मागच्या रोलरवर पडते, नाहीतर बुटाचं टोक पुढच्या मोटरच्या झाकणाला लागतं. मग माणूस नकळत पावलं आखडून चालायला लागतो आणि तासाभरात पोटऱ्या आणि कंबर बोलायला लागतात.

‘६ फूट २ इंचापर्यंत चालेल’ अशा दाव्यांवर फारसं विसंबू नका. ढांग उंचीपेक्षा पायांच्या लांबीवर आणि त्याहून जास्त वेगावर ठरते. त्यामुळे स्वतःची मोजलेली बरी. ज्या वेगाने पॅडवर चालणार, त्याच वेगाने सपाट जमिनीवर चाला. पहिली तीन-चार पावलं सोडून द्या, पुढच्या १० पावलांचं अंतर टाचेपासून टाचेपर्यंत टेपने मोजा आणि १० ने भागा. त्यात बुटाची बाहेरून लांबी मिळवा (पायाची नव्हे, ३ सेंमीचा फरक सहज पडतो) आणि वर २० सेंमी मोकळीक धरा. ही मोकळीक चैन नाही. टाइप करताना किंवा फोनवर बोलताना शरीर पट्ट्यावर पुढे-मागे सरकतंच.

१८८ सेंमी, म्हणजे ६ फूट २ इंच उंचीच्या माणसाचं उदाहरण घेऊ. ताशी ३ किमी म्हणजे मिनिटाला ५० मीटर. मिनिटाला ८८ पावलं धरली तर ढांग ५७ सेंमी. बूट ३१ आणि मोकळीक २० धरून पट्टा लागतो १०८ सेंमीचा. तोच माणूस ताशी ५ किमीने चालला की ढांग ७७ सेंमीच्या आसपास जाते आणि पट्टा १२८ सेंमीचा लागतो. ताशी ६ किमीला गरज १३८ पर्यंत पोचते. म्हणजे काम करता करता रमतगमत चालायचं असेल तर १२० सेंमीचा पॅड या उंचीला छान चालतो. झपझप चालून घाम काढायचा असेल तर पॅडचा नाद सोडा आणि १४० सेंमी पट्ट्याची साधी ट्रेडमिल घ्या. १९० सेंमीच्या वरच्या माणसाला एकाच पॅडवर दोन्ही साधायचं म्हटलं तर सहसा दोन्ही अर्धवट राहतं.

माप वाचताना एक गफलत नेहमी होते. जाहिरातीत ठळक दिसते ती पूर्ण यंत्राची लांबी. त्यातली १५ ते २५ सेंमी मोटरच्या झाकणात जातात आणि मागचं रोलरचं टोकही पाय ठेवण्याजोगं नसतं. तपशिलात चालण्याच्या पट्ट्याचं माप वेगळं दिलेलं नसेल तर विक्रेत्याकडून टेप लावलेला फोटो मागा.

रुंदी ४५ सेंमीच्या खाली नको. खांदे-कमर रुंद असतील तर ५० बघा. स्क्रीनवर डोळे असताना पाय बाजूला भरकटतो आणि अर्धा पाय कडेच्या स्थिर पट्टीवर पडला की तोल जातो. मधून दुमडणारे पॅड उंच आणि वजनदार माणसाने चालून बघितल्याशिवाय घेऊ नयेत, कारण लांब ढांगेत पाय नेमका बिजागरीच्या सांध्यावर पडू शकतो.

आता टेबल. पट्टा अगदी मापाचा मिळाला तरी बरेच जण इथे अडकतात. उभ्या माणसाचं कोपर उंचीच्या साधारण ६३ टक्क्यांवर असतं. १८८ सेंमीला ते ११८ झालं. त्यात बुटाचा तळ ३ आणि पॅडची जाडी १२ मिळवली की कोपर जमिनीपासून १३३ सेंमीवर जातं, आणि कीबोर्ड त्याच्या जरासा खाली हवा. वरखाली होणारी बरीच टेबलं १२० ते १२५ सेंमीलाच थांबतात. म्हणून पॅड निवडताना पट्टा जमिनीपासून किती वर आहे तेही बघा. इथे ३-४ सेंमी कमी असलेलं मॉडेल मोलाचं. तरीही टेबल कमी पडलं तर कीबोर्डखाली घट्ट बसणारा ठोकळा ठेवा आणि स्क्रीन वेगळ्या स्टँडवर (मॉनिटर आर्मवर) चढवा. लॅपटॉप तसाच ठेवून चालणं म्हणजे मानेशी वैर.

टेबलाची कडा मोटरच्या झाकणापासून निदान ४० सेंमी मागे, पट्ट्यावर यायला हवी. टेबलाच्या पायांमधला आडवा दांडा पॅडला आत सरकू देत नसेल तर कीबोर्ड गाठण्यासाठी तुम्ही पट्ट्याच्या अगदी पुढच्या टोकाला चालाल आणि प्रत्येक पावलाला बूट झाकणावर आपटेल. पट्टा कितीही लांब असला तरी तो मागे नुसता फिरत राहतो. डोक्यावरची जागाही मोजा: उंची, पॅडची जाडी, बूट आणि चालतानाच्या हेलकाव्यासाठी ५ सेंमी. पंख्याखाली पॅड नकोच.

वजनाची मर्यादा तुमच्या वजनापेक्षा किमान २० टक्के जास्त असावी. मोटरच्या हॉर्सपॉवरच्या आकड्यावर भाळू नका. १ हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट, त्यामुळे ‘२.५ हॉर्सपॉवर’ लिहिलेल्या यंत्राच्या खालच्या लेबलवर ५०० वॅट दिसले तर काय ते समजून घ्या. जड माणसाचं हळू चालणं मोटरला जास्त जाचतं, कारण कमी फेऱ्यांवर तिचा स्वतःचा पंखाही मंद फिरतो. दुकानात ताशी २ किमी वेगावर पूर्ण वजन टाकून चाला. प्रत्येक टाचेला पट्टा क्षणभर अडखळत असेल तर मोटर कमजोर आहे, पट्टा सैल आहे किंवा खाली सिलिकॉन तेल नाही. नव्या यंत्रात यातलं काहीच असू नये.

पाय ओळखून आपोआप वेग बदलणारी सोय लांब ढांगेला त्रासदायक ठरते. पुढच्या भागात पाय पडला की वेग वाढतो, मागच्या भागात पडला की कमी होतो, आणि तुमचा पाय दोन्हीकडे पडतो. ती बंद ठेवून रिमोटने वेग ठरवता येतो का, ते आधी विचारा. उभा दांडा असलेल्या मॉडेलात तो पकडताना वाकावं लागत असेल तर त्याचा आधार कामाचा नाही. आपत्कालीन क्लिपची (कपड्याला लावायची, ओढली गेली की यंत्र थांबवणारी) दोरीही कमरेपर्यंत सैल पोचते का ते बघा.

घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात पट्टा एका बाजूला सरकू शकतो. तो डावीकडे जात असेल तर मागचा डावा बोल्ट अॅलन कीने (षटकोनी चावीने) पाव फेरा घड्याळाच्या दिशेने फिरवा, दोन मिनिटं यंत्र रिकामं चालवा आणि मगच पुढचा पाव फेरा. उजवीकडे गेला तर उजवा बोल्ट. एका दमात पूर्ण फेरा दिला की पट्टा दुसऱ्या कडेला घासून दोरे सुटतात.