शून्य सावलीचा कार्यक्रम घेताय? या चुका टाळा

विज्ञानप्रसार करणाऱ्यांसाठी शून्य सावली दिवसासारखी संधी दुसरी नाही. दुर्बीण नको, वीज नको, रात्रीचं जागरण नको. भरदुपारी उभ्या वस्तूची सावली तिच्या बुडाशी जाते आणि शाळकरी पोरापासून आजीपर्यंत सगळ्यांना ती दिसते. तरीही अनेक ठिकाणी लोक "सांगितलं तसं काही झालंच नाही" म्हणत परततात. चूक तारखेत, घड्याळात, सावली बघायला उभ्या ठेवलेल्या नळीच्या बुडाखाली किंवा आपल्या बोलण्यात असते.

सगळ्या महाराष्ट्राला एकच तारीख

व्हॉट्सॲपवर फिरणारी तारीख बहुतेक वेळा मुंबईची किंवा पुण्याची असते. सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचं त्याचं अंशांतलं अंतर, आपल्या गावाच्या अक्षांशाएवढी होते त्या दिवशी सावली शून्य होते. कोल्हापूरला हे ६ मेच्या सुमारास घडतं, पुण्याला १३ मे, मुंबईला १५-१६ मे आणि नागपूरला थेट २६ मेच्या आसपास. एकाच राज्यात वीस दिवसांचा फरक! सूर्य दक्षिणेकडे परतताना हा दिवस पुन्हा एकदा येतो, पुण्याला जुलैअखेर. आपल्या गावाचा अक्षांश नकाशावरून घ्या. ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या विज्ञानप्रसार समितीने याच कामासाठी ॲप केलेलं आहे, त्यात गावाची तारीख आणि वेळ दोन्ही मिळतात.

बाराचा ठोका

सावली बाराच्या ठोक्याला शून्य होते असं धरणं, ही चूक सर्वांत जास्त होते. ती शून्य होते मध्यान्हीला, म्हणजे सूर्य सर्वांत उंच असतो त्या क्षणी. आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाचं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला. दर अंशामागे ४ मिनिटं उशीर धरायचा. शिवाय पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि अक्ष कललेला असल्याने सूर्य मेमध्ये घड्याळाच्या सुमारे साडेतीन मिनिटं पुढे असतो, तर जुलैअखेर सहा मिनिटांहून अधिक मागे. त्यामुळे पुण्याची मध्यान्ह मेमध्ये १२.३१ ला आणि जुलैअखेर १२.४१ च्या सुमारास होते. मेची वेळ जुलैच्या फलकावर तशीच छापली, की दहा मिनिटांचा घोळ झालाच.

दहा मिनिटं इथे फार मोठी असतात. ३० सेंटिमीटर उंच नळीची सावली मध्यान्हीच्या दोन मिनिटं आधी-नंतरच अडीच मिलिमीटर होते. म्हणजे हातात खरी वेळ चार मिनिटांची. साठ मुलं आणि एक नळी असेल, तर पन्नास जणांना फक्त पाठी दिसतात. चार मुलांमागे एक नळी ठेवा.

नळी आणि जमीन

तीन इंची पीव्हीसी नळी ३० सेंटिमीटर कापून घ्या. कारखान्यातलं सपाट टोक खाली ठेवा, करवतीने कापलेलं वर. बुडाचा काटकोन गुण्याने तपासा. घरातले स्टीलचे ग्लास वापरू नका: तोंड बुडापेक्षा रुंद असल्याने सावली बुडाबाहेर राहतेच, आणि पालथा ठेवला तर वेळेच्या बरीच आधी नाहीशी होते. सरळ भिंतीचा डबा मात्र चालतो.

गच्चीला पाणी वाहून जाण्यासाठी उतार दिलेला असतो. शंभराला एक एवढा उतारही अर्ध्या अंशाहून जास्त तिरका पडतो. मेच्या मध्यावर सूर्याची क्रांती रोज पाव अंशानेच बदलते, म्हणजे उतारापायी दोन दिवसांची चूक होते! पाट ठेवा, त्याखाली कागदाच्या घड्या घाला आणि पाणसळ दोन्ही दिशांनी ठेवून बघा. पाणसळ नसेल तर गवंड्याचा ओळंबा टांगा. दोरीची सावली लोलकाच्या सावलीत शिरली की सूर्य बरोबर डोक्यावर; जमीन कशीही असो. वाऱ्याला आडोसा मात्र हवा.

कडेला बारीक धूसर पट्टा उरतो म्हणून प्रयोग फसला असं समजू नका. सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. म्हणून उंच ध्वजस्तंभ निवडू नये. उंचीबरोबर ही धूसर कडही रुंदावते.

बोलताना होणाऱ्या चुका

खरा कार्यक्रम इथे जिंकला किंवा हरला जातो. "आज सावली गायब होणार" असं जाहीर केलं, की मुलं ते जादूच्या खात्यात टाकतात. सावली कुठेही जात नाही, ती वस्तूच्या खाली असते. नळी वीतभर उचला, सावली दिसेल. ही कृती प्रत्येकाकडून करून घ्याच.

सूर्य रोज दुपारी डोक्यावर येतो, हा समज मोठ्या माणसांतही घट्ट आहे. तो व्याख्यानाने हलत नाही. पंधरा दिवस आधीपासून, रोज स्थानिक मध्यान्हीला, एक मीटर काठीची सावली मोजायला लावा. पुण्यात एप्रिलअखेर ती ७-८ सेंटिमीटर असते, उत्तरेकडे. मग विचारा: १३ मेनंतर कुठे पडेल? उत्तर वहीत लिहून घ्या, सांगू नका. जूनमध्ये सावली दक्षिणेकडे पडलेली बघून जो प्रश्न उठतो, तो आपण तयार करून दिलेल्या प्रश्नापेक्षा कितीतरी चांगला असतो. २१ जूनला ती दक्षिणेला सुमारे साडेआठ सेंटिमीटर होते.

"आज सगळ्यात जास्त ऊन का?" हे हमखास विचारलं जातं. पुण्यात जुलैअखेरही सूर्य तितकाच डोक्यावर असतो, पण तेव्हा ढग असतात. आणि पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब जुलैच्या सुरुवातीला असते, हेही सांगा.

पृथ्वीचा परीघ मोजायचा असेल तर दोन शाळा जोडा. कोल्हापूरच्या शून्य सावलीच्या दिवशी नागपूरला, तिथल्या मध्यान्हीला, एक मीटर काठीची सावली ८ सेंटिमीटरच्या आत, म्हणजे सुमारे साडेचार अंशांचा कोन. दोन गावांतल्या अंतराला या कोनाने भागून ३६० ने गुणलं की परीघ. हे अंतर फक्त उत्तर-दक्षिण घ्यायचं, साधारण ४९५ किलोमीटर. रस्त्याचं अंतर घेतलं, तर पृथ्वी भलतीच मोठी निघते.

मुलं वर बघणारच. सूर्याकडे थेट बघायचं नाही हे आधी, मधे आणि पुन्हा एकदा सांगा; नजर जमिनीवरच. मुलांना सावलीत बसवा, मध्यान्हीआधी पाच मिनिटं बाहेर काढा, पाणी हाताशी ठेवा.

जुलैत ढग आले तर कार्यक्रम रद्द करू नका. आदल्या-दुसऱ्या दिवशी ३० सेंटिमीटर नळीची सावली दीड मिलिमीटरहूनही कमी असते, डोळ्याला शून्यच. आमंत्रणातच तीन दिवस लिहा, आणि पहिल्या दोन दिवसांत ऊन पडलं नाही तर तिसऱ्या दिवशीही नळ्या मांडा.