भागाकारातल्या बाकीची गणितं: या चुका टाळा

पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेत 90 मिनिटांत 100 प्रश्न. त्यामुळे पोरांना प्रत्येक गणिताची 'ट्रिक' हवी असते. देतो की मी ट्रिक! पण ती कुठे चालते आणि कुठे नाही, हे ऐकायला कोणाला वेळ नसतो.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक ही. 'एका संख्येला 36 ने भागल्यास बाकी 19 उरते, तर त्याच संख्येला 12 ने भागल्यास बाकी किती?' 19 ला 12 ने भागा, 7 आले. इथवर ठीक. एका सराव पेपरात मी मुद्दाम 12 च्या जागी 8 टाकले. अर्ध्या वर्गाने डोळे झाकून 3 वर गोल केला. पुढच्या बाकावरचा एक जण तर भांडायलाच उठला, "सर, तुम्हीच तर शिकवलंय!" म्हटलं, ये फळ्यावर. संख्या 19 धर, 8 ने भाग. बाकी 3, स्वारी खूश. आता 36 मिळव. 55 ला भाग. बाकी 7. पुढची 91, पुन्हा 3. पुढची 127, पुन्हा 7. खडू तसाच हातात. 36 ला 8 ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून उत्तर एक ठरतच नाही. पहिल्या भाजकाला दुसऱ्याने निःशेष भाग जातो का, हे मी पेन टेकवायच्या आधी बघतो.

दुसरी काटाकाटी. 54 ला 16 ने भागायचंय, की लगेच वरखाली 2 ने छाटून 27 भागिले 8, बाकी 3. खरी बाकी 6. छाटल्याने भागाकार तोच राहतो, बाकी मात्र लहान होते. ज्याने छाटलं त्यानेच शेवटी गुणा. 2 च्या 100 व्या घाताला 12 ने भागताना 4 ने छाटून 'बाकी 1' लिहिणारे दर बॅचला भेटतात. अरे, सम संख्येला 12 ने भागून विषम बाकी येईलच कशी? 1 गुणिले 4, उत्तर 4.

4, 5, 6 ने भागल्यास अनुक्रमे 3, 4, 5 बाकी उरणारी संख्या विचारली असेल, तर लसावि 60 मधून 1 वजा, म्हणजे 59. बाकी प्रत्येक वेळी 3 च असेल तर अधिक, 63. प्रश्न वाचा, एवढंच.

एकक स्थानच्या अंकासाठी घातांकाला 4 ने भागून बाकी 0 आली, तर चौथा घात घ्यायचा, शून्यावा नाही. 3 आणि 7 ला ही चूक पचते, कारण दोन्हीकडून 1 च येतो. 2 च्या 44 व्या घाताला पकडले जाता: तिथे 1 नाही, 6.

आणि 6 च्या 101 व्या घाताला 7 ने भागताना 6 ला (7 पेक्षा 1 कमी म्हणून) −1 धरून बाकी −1 आली, की 'पर्यायात नाही' म्हणून प्रश्न सोडू नका. 7 मिळवा, 6 वर गोल करा.