घरच्या घरी पोटाचं डायलिसिस: बॅग कशी बदलावी, काय सांभाळावं

किडनी निकामी झाली की रक्त साफ करण्यासाठी डायलिसिस लागतं. मशीनवरचं डायलिसिस म्हणजे आठवड्यातून साधारण तीन दिवस, दर वेळी चार तास, शिवाय जाण्यायेण्याचा वेळ आणि घरी आल्यावरचा थकवा. सेंटर तालुक्याच्या गावाला आणि घर त्याहून आत असेल तर नोकरी, शेती, मुलांची शाळा सगळंच त्या तीन दिवसांभोवती फिरू लागतं. पोटाचं डायलिसिस, म्हणजे सीएपीडी, घरी होतं. त्याला वीज लागत नाही, सुई टोचावी लागत नाही. दिवसातून तीन किंवा चार वेळा अर्ध्या-पाऊण तासाचं एक काम मात्र चोख करावं लागतं.

पोटात आतड्यांवर पांघरूण घातल्यासारखा एक पातळ पडदा असतो, त्याला पेरिटोनियम म्हणतात. ऑपरेशन करून पोटात बसवलेल्या नळीवाटे बॅगेतलं साखरेचं औषधी पाणी भरून ठेवलं की रक्तातली घाण आणि जादा पाणी पडद्यातून त्यात उतरतं. चार-सहा तासांनी ते काढायचं आणि नवं भरायचं. हा पडदा हीच तुमची मशीन, आणि ती बदलून मिळत नाही. त्याला जंतू लागू नयेत आणि गरजेपेक्षा जास्त साखर सोसावी लागू नये, यासाठीच पुढचे सगळे नियम आहेत.

ऑपरेशनच्या आधी

नळीचं तोंड पोटावर कुठे येणार त्याची खूण ऑपरेशनच्या आधी करून घ्या. रोजचे कपडे घालून जा आणि उभं राहून, बसून, वाकून खूण तपासा. परकराची नाडी, निऱ्यांचा खोचा, पँटचा पट्टा नेमका त्या जागेवर आला तर दिवसभर घासत राहतो आणि तिथली कातडी कधीच नीट भरत नाही. पोट सुटलेलं असेल तर खूण बसल्यावर स्वतःला दिसली पाहिजे. जे दिसत नाही ते साफ होत नाही. हे सांगायला संकोच करू नका. नंतर जागा बदलायची तर पुन्हा ऑपरेशन. नळी बसवल्यावर जखम भरण्यासाठी साधारण दोन आठवडे थांबून मग पूर्ण बॅगा सुरू होतात. हाच काळ प्रशिक्षणाचा. रुग्णाबरोबर घरातल्या आणखी एकाने तरी ते घ्यावं.

घरातली जागा

वेगळी खोली नसली तरी चालते. दार लागेल असा कोपरा, चांगला उजेड, पुसता येईल असं टेबल आणि बसल्यावर खांद्याच्या वर येईल असा भक्कम हुक एवढं हवं. पिशव्या वजनाने उतरतात आणि भरतात, म्हणून हुक खाली असेल तर भरायला वेळ लागतो. बदलताना पंखा, एसी बंद, खिडकी लावलेली, अगरबत्ती विझवलेली, मांजर-कुत्रं बाहेर. मांजराने नळी चावल्यामुळे पोटात जंतू गेल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींमध्ये आहेत.

साठ्याचा विचार आधीच करा. रोज तीन बॅगा म्हणजे महिन्याला ९०, आणि दोन-दोन लिटरच्या धरल्या तर १८० किलोहून जास्त माल. खोकी जमिनीवर नको. फळीवर किंवा पाटावर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, कारण पावसाळ्यात ओल येते आणि उंदीर खोकं कुरतडतो. पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात साठा ठेवू नका. जुनी तारीख पुढे, नवी मागे.

बॅग बदलणं, पायरीपायरीने

१. बॅगेवरचा साखरेचा आकडा वाचा: १.५, २.५ की ४.२५ टक्के. रंगावर विसंबू नका, कंपनीनुसार रंग बदलू शकतो. मुदत पाहा, पाणी स्वच्छ आहे का पाहा, आणि दाबून बघा: कुठून थेंब येतो का, टोकाची रिंग जागेवर आहे का. शंका आली तर ती बॅग बाजूला.

२. बॅग अंगाच्या उबेइतकी कोमट करा. त्यासाठी वेष्टणासकट कोरड्या गरम पॅडवर ठेवा. गरम पाण्यात बुडवू नका, टोकापाशी ओल राहते आणि ओल म्हणजे जंतू. मायक्रोवेव्हमध्ये एका जागी उकळतं पाणी, दुसऱ्या जागी थंड असं होतं. थंड पाणी गेलं तर धोका नाही, पण पोटात कळ येते.

३. टेबल पुसा, मास्क लावा, केस बांधा, पदर-ओढणी खोचून घ्या. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. मग हात धुवा: साबणाने नखांच्या कडा, बोटांच्या बेचक्या, अंगठे आणि मनगटं. सेंटरमध्ये जितका वेळ शिकवला असेल तितका, घाई न करता. नळ कोपराने किंवा कागदाने बंद करा. हात स्वच्छ, न वापरलेल्या कागदाने पूर्ण कोरडे करा. स्वयंपाकघरातला टॉवेल नको. धुतलेल्या पण ओल्या हाताने जंतू सहज पसरतात, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. कोरड्या हातांवर सॅनिटायझर चोळून तो वाळू द्या.

४. भरलेली बॅग हुकाला, तिला जोडलेली रिकामी पिशवी खाली स्वच्छ ट्रेमध्ये. बॅगेची रिंग ओढा, पोटाकडच्या ट्रान्सफर सेटची (पोटातल्या नळीला कायम जोडलेला, उघड-बंद होणारा तुकडा) टोपी काढा आणि दोन्ही टोकं लगेच जोडा. या क्षणी बोलू नका, फोनला हात लावू नका, मान दुसरीकडे वळवू नका.

५. ट्रान्सफर सेट उघडा. आधीचं पाणी खालच्या पिशवीत उतरायला १५ ते २० मिनिटं लागतात. धार संपली की ट्रान्सफर सेट बंद.

६. नव्या बॅगेच्या नळीतली मोड-पट्टी (पाणी अडवून ठेवणारा, मोडायचा तुकडा) तोडा आणि खालचा मार्ग उघडा ठेवून पाच मोजेपर्यंत नवं पाणी थेट खालच्या पिशवीत जाऊ द्या. यात नळीतली हवा निघते आणि जोडताना टोकाला काही लागलं असेल तर ते धुऊन जातं. ही पायरी कधीच गाळू नका.

७. खालच्या नळीला चिमटा लावा, ट्रान्सफर सेट उघडा. साधारण दहा मिनिटांत पोट भरतं. मग ट्रान्सफर सेट बंद, वरच्या नळीलाही चिमटा.

८. नवी टोपी उघडून आतला स्पंज आयोडीनने ओला आहे का पाहा. सुकलेली टोपी वापरू नका. नळ्या सोडवून लगेच टोपी लावा. जुनी टोपी पुन्हा लावायची नाही.

टोकाला चुकून हात लागला तर? स्पिरिटने पुसून पुढे जायचा मोह होतो, तो टाळा. बॅगेचं टोक लागलं असेल तर ती बॅग टाकून नवी घ्या. ट्रान्सफर सेटचं टोक लागलं असेल तर तो बंदच ठेवा, नवी टोपी लावा, पाणी भरू नका आणि सेंटरला फोन करा. नळी चिरली असेल तर चिरेच्या वर, पोटाच्या बाजूला, चिमटा लावून निघा.

उतरलेलं पाणी वाचायला शिका

निघालेलं पाणी पारदर्शक, फिकट पिवळं असतं. पिशवी वर्तमानपत्रावर ठेवा. खालची छापील अक्षरं स्पष्ट वाचता आली पाहिजेत. ती धुरकट दिसली, पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं, तर जंतुसंसर्ग झाला असं धरून चाला. पोटदुखी किंवा ताप नसला तरीही. ती पिशवी ओतू नका, तीच घेऊन त्याच दिवशी, तासाभरात निघा. नमुना तपासण्याआधी घरातली अँटिबायोटिकची गोळी घेऊ नका, मग जंतू कोणता ते कळत नाही. औषध बहुतेक वेळा पोटातल्या पाण्यातूनच देतात, आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितका पडदा वाचतो. पाळीच्या दिवसांत पाणी गुलाबी दिसू शकतं. तरीही पहिल्यांदा दिसलं की कळवा.

किती पाणी निघालं हे मोजायला टांगता वजनकाटा पुरतो. बदलण्याआधी नव्या बॅगेचा पूर्ण संच (भरलेली बॅग, नळ्या, रिकामी पिशवी) तोला, झाल्यावर तोच संच पुन्हा तोला. वाढलेलं वजन म्हणजे पोटाने काढलेलं जादा पाणी, १०० ग्रॅमला साधारण १०० मिली. धुण्यासाठी सोडलेलं पाणी संचातच राहतं, म्हणून ते वेगळं वजा करावं लागत नाही. वहीत रोज पाच गोष्टी लिहा: सकाळचं वजन, रक्तदाब, बॅगेचा आकडा, वाढलेलं वजन, पाण्याचा रंग. ही वही तपासणीला न्या.

पाणी कमी निघालं तर आधी नळी कुठे मुडपली आहे का पाहा, मग कूस बदला, उभे राहा. सर्वांत नेहमीचं कारण बद्धकोष्ठ. भरलेलं आतडं नळीची भोकं दाबतं. रोज एकदा मऊ शौच व्हायला हवी. त्यासाठीचं औषध डॉक्टरांकडूनच घ्या. मॅग्नेशियम किंवा फॉस्फेट असलेली रेचकं किडनीच्या रुग्णाला बाधतात. पाण्यात पांढरे धागे दिसले तर ते फायब्रिन असतं, नळी तुंबण्याआधी कळवा.

सूज आली की घट्ट, म्हणजे जास्त साखरेची, बॅग लावून पाणी काढायची सवय लागते. ४.२५ टक्क्यांची बॅग जास्त पाणी ओढते हे खरं, पण वारंवार वापरली तर तिची साखर पडद्याला खराब करते. म्हणून आधी मीठ कमी करा: दिवसाला एक चहाचा चमचा, साधारण पाच ग्रॅम, आणि त्यातच लोणचं, पापड, फरसाण, खारी बिस्किटं आली. मीठ उतरलं की तहान उतरते. थोडी का होईना लघवी होत असेल तर तीही जपा. अंगदुखीला मेडिकलमधून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नका, त्या गोळ्या उरल्यासुरल्या किडनीला बाधतात.

जेवण

या डायलिसिसमध्ये रोज साधारण पाच ते दहा ग्रॅम प्रथिनं पाण्यातून निघून जातात. म्हणून वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. नुसत्या वरण-भाताने ती भरत नाहीत. अंड्याचा पांढरा भाग, मासे, चिकन, नाहीतर पनीर आणि घट्ट आमटी, रिपोर्ट बघून आहारतज्ज्ञांशी ठरवा. फॉस्फेट बांधणारी गोळी जेवताना घासाबरोबर घ्यायची, जेवण झाल्यावर घेतली तर वाया जाते. पोटॅशियमबाबत मशीनवरच्या शेजाऱ्याचं पथ्य आपल्याला जसंच्या तसं लागू नसतं. इथे ते कमीही होऊ शकतं. उपवास टाळावा. साबुदाणा-बटाट्याने पोट भरतं, प्रथिनं मिळत नाहीत.

बॅगेतली साखर रक्तात जाते, म्हणून मधुमेह असेल तर इन्सुलिनचा डोस डॉक्टरांकडून बदलून घ्या. रात्रीसाठी आयकोडेक्स्ट्रिनची (साध्या साखरेऐवजी वापरतात तो पदार्थ) बॅग असेल तर काही ग्लुकोमीटर साखर खोटी जास्त दाखवतात आणि त्यावरून जादा इन्सुलिन घेतलं तर साखर जीवघेणी उतरते. कोणत्या पट्ट्या वापरायच्या ते आधी विचारून घ्या.

नळीचं तोंड आणि अंगमेहनत

तोंडाची जागा रोज किंवा दिवसाआड साबण-पाण्याने हळुवार धुवा, कोरडी करा, सांगितलेलं मलम लावा, नळी टेपने पोटाला चिकटवा म्हणजे ओढली जात नाही. खपली उपटू नका. लाली, पू, दुखणं दिसलं की दाखवा. बादलीच्या पाण्याने आंघोळ चालते. टबात, विहिरीत, नदीत उतरणं नको. पंढरपूरला गेलात तर चंद्रभागेच्या काठावर पाय धुवा आणि दर्शनाला जा. भरलेला हंडा, सिलिंडर उचलू नका, हर्निया होतो.

खर्च, काम, प्रवास

प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ साली मशीनच्या डायलिसिससाठी सुरू झाला. २०१९ मध्ये पोटाच्या डायलिसिससाठीही त्यात मार्गदर्शक सूचना आल्या. जिल्हा रुग्णालयात आणि आपल्या सेंटरमध्ये सध्या बॅगांचा किती भाग मिळतो ते स्पष्ट विचारा.

वेळा आपल्या दिवसाला जुळवता येतात: सकाळी उठल्यावर, दुपारच्या सुट्टीत, रात्री झोपताना. रात्रभर मशीनने आपोआप बदलण्याचीही सोय आहे. त्यात दिवस मोकळा राहतो, पण वीज लागते, म्हणून इन्व्हर्टर हवा. घरातला माणूस सतत बॅगा बदलत असेल तर आठवड्यातून एखादी वेळ दुसऱ्याने घ्यावी. थकलेल्या हाताकडून चूक होते. रुग्णाला झोप येत नसेल, कशात मन लागत नसेल तर तेही तपासणीत सांगा, त्यावर उपचार आहेत.

लग्नाला, जत्रेला जाताना दिवसांच्या हिशेबापेक्षा दोन बॅगा जास्त घ्या. टोप्या, चिमटे, मास्क, टेप, सॅनिटायझर आणि दोरीसकट एक एस-हुक वेगळ्या पिशवीत. चालत्या गाडीत बॅग बदलू नका. पाहुण्यांच्या घरी दार लागणारी एक खोली अर्ध्या तासासाठी मागून घ्या. वापरलेलं पाणी शौचालयात ओता, रिकाम्या पिशव्या वेगळ्या बांधा, भंगारात देऊ नका. आणि सेंटरचा फोन नंबर कागदावर लिहून पाकिटात ठेवा, मोबाइलची बॅटरी संपू शकते.