दोन पिशव्या आणि एक टब

डायव्हिंगचं सर्टिफिकेट हातात आलं की सागरी पुरातत्त्वाचं अर्धं काम झालं, असं मलाही वाटायचं. काही झालेलं नसतं. माझी घोडचूक पाण्याखाली झालीच नाही. ती झाली किनाऱ्यावर, खापरं धुताना.

दक्षिण फ्रान्समधलं फील्ड स्कूल, रोमन मालवाहू जहाज. समोर अँफोरांच्या, म्हणजे दारू-तेल भरायच्या दोन कानांच्या मातीच्या उंच भांड्यांच्या, खापरांच्या दोन जाळीदार पिशव्या. दोन्हींत पेन्सिलीने लिहिलेली प्लास्टिकची चिठ्ठी: उत्खननाचा चौकोन तोच, गाळाचे थर वेगळे. रंग सारखा, कान तितकेच जाड. म्हटलं, माल एकच तर आहे, आणि दोन्ही एकाच टबात ओतल्या. चिठ्ठ्या वर तरंगू लागल्या तेवढ्यात मागून बाईंनी विचारलं, "यातलं वरचं कुठलं, खालचं कुठलं?" काय सांगणार, कप्पाळ!

हे किती महागात पडतं ते ग्राँ काँग्लुएवरून कळतं. मार्सेयजवळच्या या बेटापाशी १९५२ पासून प्रसिद्ध पाणबुडे कुस्तो आणि पुरातत्त्वज्ञ फेर्नां बन्वा यांनी सुमारे ४० मीटर खोलीवर उत्खनन केलं. गाळ उपसला, अँफोरा ढिगाने वर आल्या, पण कुठली नेमकी कुठून आली याच्या नोंदी तोकड्या. सगळं एकाच जहाजाचं धरलं गेलं. १९८०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ ल्यूक लाँग यांनी तोच माल पुन्हा तपासला तर निघाली दोन जहाजं, एकावर एक बुडालेली, मध्ये जवळपास शंभर वर्षं!

म्हणून थर बदलला की टब बदला. चिठ्ठी खापरांसोबतच धुवा, खापरांसोबतच वाळवा. 'फोटोग्रॅमेट्री (फोटो जोडून जागेचं थ्रीडी मॉडेल) केलीय, मग काय' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. मॉडेल झकास दिसतं, पण तुमच्या हातातला तुकडा त्यातला कुठला, हे ते सांगत नाही. आणि गाइड मोठ्या नावाचा नको, टबाशी उकिडवा बसणारा बघा.

तरी घाबरू नका. बाईंनी मला हाकललं नाही, काठ वेगळे करायला बसवलं. ग्रीको-इटालिक या जुन्या प्रकारच्या अँफोरेचा काठ त्रिकोणी, बाहेर कललेला. नंतरच्या ड्रेसेल १बी प्रकाराचा उंच, जवळपास उभा. काठांचं निभावलं. पोटाचे तुकडे मात्र कायमचे 'थर अज्ञात'.

दक्षिण फ्रान्समधल्याच जिएँच्या रोमन जहाजाबद्दल वाचताना (उत्खनन १९७२ ते १९८२) अजून पोटात गोळा येतो. तिथे सापडलेले मोठे दगड जहाजातले नव्हतेच. बुडालेला माल काढायला उतरलेल्या रोमन पाणबुड्यांनी ते वजनासाठी आणले होते. मी असते तर दगडच म्हणून बाजूला टाकले असते.