मूल्यं भिंतीवर, मानधन थकलेलं: सामाजिक संस्थांनी या चुका टाळा

सामाजिक संस्थांचे हिशेब आणि कार्यालय सांभाळण्यात माझी वीसेक वर्षं गेली. नव्या संस्थेत पाऊल टाकलं की मी ध्येयधोरणांची पुस्तिका नंतर बघते, आधी पगारपत्रक मागते आणि ते खालून वर वाचते. सगळ्यात कमी पैसे मिळणाऱ्या माणसाला शेवटचे पैसे कोणत्या तारखेला मिळाले, त्याच्या हातात करारपत्र आहे का, त्याचं सर्वांत जुनं बिल किती दिवस पडून आहे, हे कळलं की संस्थेची मूल्यं बऱ्यापैकी कळतात.

कायमच्या कामाला 'मानधन' म्हणणं

ही चूक मला सगळ्यात जास्त सलते. शब्द मानाचा आहे, पण वापरला जातो तो रजा, नोटीस आणि आजारपणातले पैसे द्यावे लागू नयेत म्हणून. आठवड्याचे सहा दिवस ठरलेल्या वेळेला ठरलेलं काम करणारी बाई कर्मचारी असते. तिला कार्यकर्ती म्हटल्याने त्यात काही बदलत नाही.

एका संस्थेचं कामच मजुरीच्या हक्कांचं होतं. हजेरीची लेखी नोंद मागा, मजुरी वेळेवर मागा, असं बायकांना शिकवायचं. एका वर्षी अनुदानाचा दुसरा हप्ता अडकला. आम्हा कार्यालयातल्यांचे पगार वेगळ्या प्रकल्पातून निघत, ते चालू राहिले. वस्त्यांमध्ये फिरणाऱ्या सात जणींचं मानधन मात्र तीन महिने थांबलं. बैठकीत त्यांना सांगण्यात आलं, आपण एक कुटुंब आहोत, थोडं सांभाळून घ्या.

त्यांच्यातली एक जण माझ्या टेबलापाशी आली. मानधनाचा विषय तिने काढलाच नाही. पदरचे पैसे घालून केलेल्या प्रवासाची बिलं तेवढी निघतील का, एवढंच विचारलं. दोन तिकिटं हरवली होती म्हणून ती बिलं मीच परत पाठवली होती. मी तिला नियम सांगितला. तिने कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली, आणि पुढच्या आठवड्यापासून ती आली नाही. तिने बांधलेला गट दोन महिन्यांत विखुरला, कारण बायकांचा विश्वास तिच्यावर होता, आमच्या पाटीवर नव्हता. वार्षिक अहवालात आम्ही लिहिलं, 'मनुष्यबळाच्या गळतीमुळे उद्दिष्ट अपूर्ण.' ते वाक्य मी टाइप केलं. ते खोटं होतं हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्यानंतर माझे काही नियम पक्के झाले. पैसे कमी असतील त्या महिन्यात वाटप खालून सुरू होतं, संचालकांचा पगार शेवटी. प्रवासखर्च आगाऊ द्यायचा. तिकीट हरवलं तर प्रवासवहीतली नोंद आणि सही पुरे. कोणत्याही प्रकल्पाला न बांधलेल्या देणग्यांतून आधी वस्तीवर काम करणाऱ्यांच्या तीन महिन्यांच्या पगाराची राखीव रक्कम उभी करायची. नव्या इमारतीचा विषय त्यानंतर.

'निधीच नाही' हे उत्तर मला दर वेळी मिळतं. निधी नसतो, कारण प्रस्तावात आपणच प्रशासकीय खर्च दाबून दाखवलेला असतो. अमेरिकेत देणगीदारांना संस्थांची माहिती आणि मूल्यमापन पुरवणाऱ्या गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या तीन संस्थांनी २०१३ मध्येच देणगीदारांना उघड पत्र लिहून सांगितलं होतं, की प्रशासकीय खर्चाच्या टक्क्यावरून संस्थेचं काम जोखू नका. मी प्रस्तावात खरा खर्च लिहिते. त्यापायी दोन अनुदानं गेली. जाऊ द्यावीत, असं माझं ठाम मत आहे.

तक्रार घरातच मिटवणं

संस्थेचं नाव खराब होईल, काम थांबेल, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांचं नुकसान होईल, असं म्हणत तक्रार दाबली जाते. ऑक्सफॅम या आंतरराष्ट्रीय मदतसंस्थेचं उदाहरण जगासमोर आहे. हैतीतल्या मदतकार्यातल्या गैरवर्तनाची चौकशी २०११ मध्ये झाली. चौघांना काढलं, पण तिथल्या प्रमुखाला राजीनामा देऊन जाऊ दिलं. २०१८ मध्ये सगळं वृत्तपत्रात आलं, तेव्हा हजारो नियमित देणगीदारांनी पाठ फिरवली. ज्या नावासाठी सगळं झाकलं, ते नावच गेलं.

तक्रार समितीत बाहेरची एक व्यक्ती हवी, आणि ती संचालकांच्या ओळखीतली नको. संचालकांविरुद्धची तक्रार संचालकांच्या ईमेलवरून विश्वस्तांकडे जात असेल, तर ती व्यवस्था आजच बदला.

इथे नव्या मंडळींची घाई मला फार त्रास देते. शुक्रवारी निधी देणाऱ्या संस्थेने तक्रारीचं धोरण मागितलं की सोमवारपर्यंत कुठून तरी उतरवलेला मसुदा लेटरहेडवर चढतो. एका धोरणात नवव्या पानावर दुसऱ्याच संस्थेचं नाव तसंच राहिलेलं मी पाहिलं आहे. दोन पानांचं लिहा, पण सगळ्यांसमोर मोठ्याने वाचा, आणि कार्यालय झाडणाऱ्या व्यक्तीला विचारा, तुम्हाला त्रास झाला तर कुणाकडे जाल? तिला नाव सांगता आलं नाही, तर धोरण अजून झालेलं नाही.

त्यागाने निष्ठा मोजणं

रात्री अकराला संदेशाला उत्तर देतो तो खरा कार्यकर्ता, ही समजूत माणसं मोडते. ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने दोन सहकाऱ्यांच्या मृत्यूनंतर करून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात ३९ टक्के कर्मचाऱ्यांनी सांगितलं, की इथल्या कामामुळेच आपल्याला शारीरिक किंवा मानसिक आजार जडला. मानवी हक्कांसाठी लढणारी संस्था होती ती. मी न घेतलेल्या रजांची यादी दर तीन महिन्यांनी विश्वस्तांपुढे ठेवते आणि पहिलं नाव संचालकांचं असेल तर त्यांनाच आधी रजेवर पाठवायला सांगते.

थोडक्यात आणखी काही

'आमच्याकडे कुणी साहेब नाही' म्हणायचं आणि निर्णय तिघांनी चहाच्या वेळी घ्यायचा, हे बंद करा. कोणता निर्णय कोण घेतं, ते कागदावर आणा.

रिकामी झालेली पगारी जागा स्वयंसेवकाने भरू नका.

समतेवरची बैठक संध्याकाळी सातला ठेवाल, तर लहान मुलांच्या आया येणार नाहीत.

वातावरण बिघडलं म्हणून मूल्यांची कार्यशाळा घेऊ नका. मला बोलावलं तर मी आधी थकलेली बिलं भरायला सांगते. त्यानंतर बऱ्याचदा कार्यशाळेची गरजच उरत नाही.

आणि नोकरी सोडणाऱ्याची मुलाखत शेवटच्या दिवशी घेऊ नका. अनुभवाचं प्रमाणपत्र आणि उरलेले पैसे हातात पडेपर्यंत माणूस 'सगळं छान होतं' असंच म्हणतो. मी दीड महिन्याने स्वतः फोन करते आणि वही उघडी ठेवून नुसती ऐकते.