चढाच्या, अरुंद गल्लीतले घर हलवताना हमाल आणि टेम्पो कसे ठरवावेत

घर हलवण्याचा दर सांगताना बहुतेक वाहतूकदार दोनच गोष्टी विचारतात: सामान किती खोल्यांचे आहे आणि ते कोणत्या गावी जायचे आहे. धुळ्याच्या देवपुरात किंवा जळगावच्या नव्या कॉलन्यांत, जिथे गाडी थेट फाटकाला लागते, तिथे एवढ्यावर भागते. परंतु अमळनेर, चोपडा, एरंडोल, यावल यांसारख्या गावांच्या जुन्या वस्तीत खरा खर्च आणि खरी जोखीम असते ती गाडी उभी राहील तिथपासून घराच्या उंबरठ्यापर्यंतच्या शे-दोनशे पावलांत. हमाल आणि टेम्पो ठरवताना आधी या शे-दोनशे पावलांचा सौदा करावा. त्यापुढचे पन्नास किंवा तीनशे किलोमीटर हा त्यामानाने सोपा भाग आहे.

खानदेश म्हणजे तापीकाठचा सपाट काळा मुलूख, अशी समजूत असल्यामुळे बाहेरच्या वाहतूकदाराला येथे चढाची गल्ली असेल असे वाटतच नाही आणि त्याचा अंदाज तिथेच चुकतो. नदीकाठच्या जुन्या गावांत मातीची घरे पडली की त्याच मातीवर नवी उभी राहिली आणि शेकडो वर्षांत वस्तीखालची जमीन उंचावत गेली. तापी-गोमाईच्या संगमावरील प्रकाशे आणि गिरणाकाठचे बहाळ येथील उत्खननांत वस्तीचे असे एकावर एक थर मिळाले आहेत. गढी असलेल्या गावांत तर मुख्य रस्त्यावरून गढीच्या अंगाला चढणारे किंवा नदीकडे उतरणारे बोळ असतातच, आणि ते आखले गेले तेव्हा बैलगाडीपेक्षा मोठे वाहन कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते.

म्हणून पहिला फोन करण्यापूर्वी मोजपट्टी घेऊन स्वतः गल्ली मोजावी. मधली रुंदी मोजून उपयोग नाही. सर्वांत अरुंद जागा मोजावी, आणि ती बहुधा दोन समोरासमोरच्या ओट्यांमध्ये, एखाद्या विजेच्या खांबापाशी किंवा वळणावर असते. छोट्या हत्तीची (सर्वांत लहान चारचाकी टेम्पोची) रुंदी सुमारे पाच फूट, पिकअपची साडेपाच फुटांच्या पुढे आणि आयशरची (मध्यम ट्रकची) सात फुटांच्या जवळपास असते. त्यात दोन्ही बाजूंचे आरसे आणि चालकाला दार उघडून उतरता येईल एवढी जागा धरावी लागते. सहा फुटांच्या गल्लीत छोटा हत्ती शिरतो हे खरे, पण शिरल्यावर त्याला वळता येत नाही आणि चढावर मागे घेत बाहेर यावे लागते. कोपऱ्याचे गणित आणखी वेगळे असते, कारण सरळ गल्लीतून सहज जाणारी गाडी काटकोनातल्या वळणावर अडते. त्यासाठी वळणाच्या दोन्ही बाजूंची रुंदी लिहून ठेवावी आणि मोबाइलवर गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत चालत एकच सलग चित्रफीत काढावी. सुट्या फोटोंत गल्ली बऱ्याचदा आहे त्यापेक्षा रुंद दिसते.

रुंदीइतकेच पायाखाली आणि डोक्यावर पाहणे गरजेचे आहे. गटारीवरचे ढापे ही जुन्या गल्ल्यांतली सर्वांत फसवी गोष्ट आहे: ते माणसाचे आणि मोटारसायकलचे वजन वर्षानुवर्षे पेलतात आणि भरलेल्या टेम्पोचे एक चाक पडले की तडकतात. गाडीचे चाक ढाप्यावरून जाणार असेल तर गाडी आत आणूच नये. वर पाहिले तर घरोघरी गेलेल्या विजेच्या जोडवायरी लोंबत असतात. टपावर उभे बांधलेले कपाट किंवा पलंगाची चौकट तिथे अडकते. अशी वायर बांबूने उचलून धरून गाडी काढण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती करू देऊ नये. पायऱ्या किती आहेत, त्यांतल्या उंच कोणत्या, दाराची चौकट किती रुंद आहे आणि आतला लाकडी जिना सरळ आहे की वळणाचा, हेही त्याच कागदावर यावे.

चढ मोजायला अभियंता लागत नाही. गवंड्याकडची पाण्याची नळी घेऊन दहा फुटांच्या अंतरात जमीन किती चढते ते पाहावे. दहा फुटांना एक फूट इथपर्यंत भरलेली लोटगाडी तीन माणसांच्या जोरावर चढते असे धरायला हरकत नाही. त्यापेक्षा जास्त चढ असेल, किंवा मध्ये पायऱ्या असतील, तर सामान हातावर आणि खांद्यावरच जाणार हे गृहीत धरून माणसे ठरवावीत.

आता कोणाला ठरवायचे. तालुक्यातल्या तालुक्यात जायचे असेल तर मोठ्या कंपनीची गरज नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. स्थानिक हमाल आणि ओळखीचा टेम्पोवाला अशी वेगळी ठरवणी स्वस्त पडते आणि काम नीट होते. हमाल शोधायचे तर फर्निचरच्या किंवा फ्रिज-कपाटांच्या दुकानात चौकशी करावी. धान्याची पोती उचलणारा हमाल ताकदीचा असतो, पण याच गल्ल्यांत रोज कपाटे पोहोचवणाऱ्या माणसाला कोणत्या वळणावर कपाट आडवे करायचे आणि कोणत्या ओट्यावर टेकवून दम घ्यायचा हे आधीच ठाऊक असते. पुणे, नाशिक किंवा सुरतेला बिऱ्हाड हलवायचे असेल तर मात्र कागदोपत्री जबाबदारी घेणारा वाहतूकदार हवा. अशा वेळी गल्लीतले काम तुमचे हमाल आणि पुढचे काम कंपनीची माणसे अशी विभागणी कंपनी सुचवते. ती स्वीकारण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करावी: वस्तू कोणाच्या हातात असताना फुटली हे ठरवायचे कसे? गाडीजवळ सामान मोजून, तपासून, सही घेऊन सोपवले तरच ही विभागणी चालते. नाहीतर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

दर सांगण्यापूर्वी वाहतूकदाराच्या माणसाने घर पाहायला प्रत्यक्ष आलेच पाहिजे. तो आल्यावर तुम्ही फारसे बोलू नये. तो काय पाहतो ते पाहावे. खोल्यांत डोकावून, खाटा-कपाटे मोजून, चहा घेऊन निघणारा माणूस नंतर गल्लीचे कारण सांगून पैसे वाढवतो. जो दारातून परत गल्लीच्या तोंडापर्यंत चालत जातो, कोपऱ्यावर थांबून हात पसरून अंदाज घेतो आणि मोटारसायकली कोणाच्या आहेत असे विचारतो, त्याचा दर थोडा जास्त असला तरी तोच घ्यावा.

हमालीचा हिशेब नगावर, रोजंदारीवर किंवा उक्ता (सगळ्या कामाचा मिळून एकच दर), अशा तीन प्रकारांनी होतो. चढाच्या गल्लीसाठी उक्ते काम द्यावे, कारण नगावर ठरवले की घाई होते आणि रोजावर ठरवले की प्रत्येक ओट्यावर विसावा होतो. उक्त्या दरात काय काय धरले आहे ते मात्र एका कागदावर उतरवावे: गाडी कुठे उभी राहील, तिथून दारापर्यंतची हमाली दरात आहे का, वरच्या मजल्याचे वेगळे आहे का, किती माणसे येतील, लोटगाडी, दोर आणि गोणपाट कोण आणील, पलंग आणि कपाट कोण खोलील आणि पुन्हा कोण जोडील, आणि नव्या घरी उतरवण्याचे पैसे यातच आहेत का. नवे घरही अरुंद गल्लीत असेल तर हे सगळे मोजमाप तिकडचेही लागते. ही बाब हमखास विसरली जाते. आगाऊ रक्कम थोडी द्यावी आणि मोठा हिस्सा सामान उतरल्यानंतरच द्यावा.

परगावी जाणाऱ्या सामानाबाबत कायद्याच्या काही गोष्टी ठाऊक असाव्यात. रस्ता वाहतुकीसाठी २००७ चा कायदा लागू आहे आणि त्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार, जास्त जोखमीचा दर ठरवून सामानाची किंमत लिहून दिलेली नसेल तर वाहतूकदाराची भरपाईची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच मर्यादित राहते. म्हणून किमती वस्तूंची किंमत पावतीवर लिहून घ्यावी. नुकसान झाल्यास दावा लावण्यापूर्वी लेखी नोटीस द्यावी लागते आणि ती सामान बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलाची (मालवाहतुकीसाठी जीएसटीखाली काढाव्या लागणाऱ्या ऑनलाइन कागदाची) सक्ती नाही, तेव्हा त्या नावाखाली कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. बिलावरचा जीएसटी क्रमांक पंधरा अंकाक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा तो २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की मालकाचे नाव दिसते आणि ते पावतीवरच्या नावाशी जुळले पाहिजे. अर्ध्या वाटेत गाडी थांबवून वाढीव पैसे मागण्याचे प्रकार घडतात. अशा वेळी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, आणि सामान अडवून ठेवले तर पोलीस ठाण्यात जावे.

दिवस निवडताना पंचांगापेक्षा गल्ली पाहावी. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे काम सकाळी सहाला सुरू होऊन दहा-साडेदहाला चढाचा भाग संपेल असे ठरवावे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सासुरवाशिणी माहेरी आलेल्या असतात, सालदारांचे (वर्षाच्या बोलीवर राहणाऱ्या शेतगड्यांचे) साल त्याच सुमारास बदलते आणि काम करणारी माणसे मिळत नाहीत. श्रावणात कानबाई या खानदेशी देवीच्या उत्सवाच्या रविवार-सोमवारी गल्लीच गर्दीने भरलेली असते. आठवडे बाजाराचा दिवसही टाळावा. कापसाच्या हंगामात पिकअपवाले मालाकडे वळतात, तेव्हा गाडी आठ-दहा दिवस आधीच सांगून ठेवावी. आणि नळाला पाणी येण्याचा दिवस तर कटाक्षाने सोडावा: त्या दिवशी घरोघरच्या मोटारींच्या नळ्या गल्लीत आडव्या पडलेल्या असतात आणि चढावरची फरशी ओली होते. ओल्या फरशीवर कपाट घेऊन उतरण्याइतका धोका दुसरा नाही.

बांधाबांध करताना खोकी लहान ठेवावीत. पुस्तके आणि भांडी एका खोक्यात इतकीच भरावीत की एका माणसाला ते खांद्यावर घेऊन एक हात भिंतीला लावता येईल. धान्याची कोठी रिकामी करूनच हलवावी. दादर (ज्वारी) आणि गहू वेगळ्या गोण्यांत भरावेत. कपाट आतून पूर्ण रिकामे करून दारे दोराने बांधावीत, कारण नुसते कुलूप उतारावर टिकत नाही. बंगईच्या (घरातल्या झोपाळ्याच्या) कड्या आणि साखळ्या काढून एका पिशवीत ठेवाव्यात आणि ती पिशवी फळीलाच बांधावी. फ्रिज शक्यतो उभाच न्यावा. आडवा करावा लागला तर नव्या घरी काही तास उभा ठेवल्याशिवाय सुरू करू नये. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच राहिली पाहिजे. भरलेला गॅस सिलिंडर सामानाच्या गाडीत देऊ नये.

प्रत्यक्ष काम सुरू झाले की उतारावर कपाट कसे जाते ते एकदा नीट पाहावे, म्हणजे चांगला हमाल ओळखता येतो. कपाटाला गोणपाट गुंडाळून मधोमध आणि वरच्या अंगाला दोर टाकलेला असतो. दोघे खालून वजन घेतात, पण अगदी समोर नाही, थोडे बाजूला उभे राहून. वरचे दोघे दोर कमरेला टेकवून ढील देत येतात. बोलतो एकच माणूस. ‘दम धर भो’ म्हटले की सगळे थांबतात आणि कपाट जवळच्या ओट्यावर टेकते. जिथे चौघेही एकाच वेळी सूचना देत असतात तिथे काम थांबवून एकाला म्होरक्या करावे. लोटगाडी उतरवताना नियम आणखी कडक आहे: वजन वरच्या बाजूने दोराने धरायचे आणि खालच्या बाजूला कोणालाही उभे राहू द्यायचे नाही. चढताना एक माणूस मोकळा ठेवून त्याच्या हाती लाकडी ठोकळा द्यावा; गाडी थांबली की त्याने तो चाकामागे सरकवायचा.

जिन्यातून वस्तू निघत नसेल तर ती गच्चीवरून दोराने सोडण्याचा उपाय सुचवला जातो. सिमेंटची गच्ची असेल तर ठीक. जुने धाब्याचे (मातीच्या सपाट छताचे) घर असेल तर छतावरच्या खाऱ्या मातीखाली तुळया कोणत्या अवस्थेत आहेत ते वरून दिसत नाही, म्हणून आतून छत पाहावे. एखादी तुळई वाकलेली किंवा भिंतीत शिरते तिथे वाळवीने पोखरलेली दिसली तर चार माणसे आणि एक कपाट यांचा भार तिथे घालू नये. त्यापेक्षा कपाट खोलून पत्रे वेगळे करण्याची मजुरी परवडते.

शेजाऱ्यांना आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन सांगावे. मोटारसायकली दुसरीकडे लावायला आणि विसाव्यासाठी ओटा वापरू द्यायला कोणी नकार देत नाही. न सांगता ओट्यावर कपाट ठेवले की मात्र ओट्याच्या मालकाचा पारा चढतो. शेवटचा फेरा गेल्यावर मुकादमाला बरोबर घेऊन गल्ली एकदा वरपासून खालपर्यंत चालून पाहावी. कोणाचा ढापा तडकला असेल किंवा ओट्याची कड उडाली असेल तर भरपाई कोण देणार हे तिथेच ठरवावे आणि हमालीची उरलेली रक्कम त्यानंतरच हातावर ठेवावी.